जनता परत आली, सी किंग अजून कपाटात

मंडळी, चावीच्या घड्याळांची पुढची नोंद. एचएमटी जनता सर्व्हिसिंग होऊन घरी आली आणि वडिलांची फेवर ल्युबा सी किंग कुणाच्या हाती द्यायची, तेही ठरलं.

ठाण्यात स्टेशनपासून जांभळी नाका, गोखले रोडपर्यंत घड्याळांची दुकानं भरपूर. पण बहुतेकांचं काम आता सेल आणि पट्टे बदलण्याचं. चावीचं घड्याळ दाखवलं की काही जण म्हणतात, "ठेवून जा, संध्याकाळी मिळेल." तिथून मी निघतो. मशीन पूर्ण सुटं करायचं, धुवायचं, जोडायचं, जागोजागी तेल द्यायचं आणि मग निदान दिवसभर आडवं-उभं ठेवून बघायचं, हे संध्याकाळपर्यंत होत नाही. होतं ते एवढंच, की न खोलता पेट्रोलमध्ये बुचकळून वरून तेल सोडतात. घड्याळ काही दिवस छान पळतं, पण जुन्या तेलाचा चिकट गाळ पिव्हटपाशी, म्हणजे चाकांच्या आसांच्या बारीक टोकांपाशी, तसाच राहतो आणि पिव्हट झिजत जातात.

म्हणून माझा पहिला प्रश्न तेलाचा. बॅलन्सच्या, म्हणजे मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाच्या, पिव्हटना पातळ तेल लागतं, मोबियस कंपनीच्या ९०१० सारखं. सेंटर व्हील, म्हणजे मधलं चाक, सावकाश फिरतं पण त्यावर जोर जास्त, तिथे एचपी १३०० सारखं जाड. पॅलेटच्या, म्हणजे टिकटिक करत चाक अडवणाऱ्या-सोडणाऱ्या तुकड्याच्या, खड्यांना ९४१५, आणि पॅलेटच्या पिव्हटना सहसा तेल देतच नाहीत. कारागिराला हे आकडे पाठ नसले तरी चालेल. कुठे पातळ, कुठे जाड, कुठे कोरडं आणि का, हे त्याने सांगायला हवं.

नौपाड्यातल्या एका काकांना मी जनता दिली ती मात्र त्यांनी मला विचारलेल्या प्रश्नांमुळे. शेवटचं कधी उघडलंय? पूर्ण चावीवर किती तास चालतं? रोज लावणार की ठेवणार? डायलवर सहाच्या आकड्यापाशी डाग आहे, तो बघून आपणहून म्हणाले, "हिला धुवायचं नाही, अक्षरं जातील. डाग राहू दे." तिथेच माझा निर्णय झाला. नव्याने रंगवलेल्या डायलच्या एचएमटी बाजारात हव्या तेवढ्या मिळतात. कारखान्यातून आलेली डायल एकदा गेली की गेली. बाहेरची धातूची केस पॉलिश करायची गोष्टही त्यांनी काढली नाही.

आता आकडे. मशीन ०२३१, १७ ज्वेल (पिव्हट टेकतात ते खडे वगैरे), तासाला १८,००० ठोके. मोजायच्या यंत्रावर लिफ्ट अँगल (ॲम्प्लिट्यूड काढायला लागणारा कोन) दोन्ही वेळा ५२ च ठेवला, म्हणजे तुलना सरळ होते. देण्याआधी पूर्ण चावीवर, डायल वर: ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स किती अंश झुलतो ते, १९५, दिवसाला ४० सेकंद मागे. परत आल्यावर २६८, ९ सेकंद पुढे. चोवीस तासांनी २३२. मला सगळ्यात समाधान या शेवटच्या आकड्याचं आहे, कारण ताजी चावी दिल्यावर बरंच काही झाकलं जातं. काढलेली मेनस्प्रिंग (चावीने गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) काकांनी कागदाच्या पुडीत परत दिली. टेबलावर ठेवली तर जेमतेम उलगडते, ताण संपलाय. बदललेला भाग न मागता परत देणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो, विशेषतः एचएमटीच्या बाबतीत. २०१६ मध्ये केंद्राने एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं, आणि आता बरेच सुटे भाग जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात.

सी किंगसाठी वाशीतही एका ठिकाणी विचारलं. दुकान नीटनेटकं, पावती व्यवस्थित, पण घड्याळ दुसरीकडे पाठवतात. ते कोण उघडणार, हे काउंटरवर कुणाला सांगता येईना. वडिलांचं घड्याळ मी असं देणार नाही.

ते काकांकडेच जाईल, पण लगेच नाही. ही ट्विन पॉवर आहे, म्हणजे आत एकाऐवजी दोन बॅरल, मेनस्प्रिंग ठेवायच्या डब्या. काकांनी मागचं झाकण उघडून बघितलं आणि स्पष्ट सांगितलं: एक स्प्रिंग नवी, एक थकलेली असं करणार नाही, जोडी मिळाली तरच काम घेतो. शिवाय पावसाळ्यात उघडायलाही ते तयार नाहीत, हवेतला ओलावा त्यांना नको आहे. मला दोन्ही पटलं.

तेव्हा कुणाकडे बंद पडलेली, डायल खराब झालेली ट्विन पॉवर असेल तर कळवा. मला फक्त बॅरल हवेत, बाकी सगळं तुम्हाला परत.