दरीच्या काठावरचा टॅरन

रविवार, रात्री साडेअकरा

भाची आत्ता कुठे झोपली. संध्याकाळपासून पावसाची झड, लाइट दोनदा गेली, म्हणून आजची गोष्ट टॉर्चच्या उजेडात झाली. मी इंग्रजी पान मनात वाचायचं आणि तिला मराठीतून सांगायचं, असं आमचं महिनाभर चाललंय. सध्या लॉइड अलेक्झांडरच्या प्रायडेन मालिकेतलं चौथं पुस्तक घेतलंय, १९६७ सालचं. नायक टॅरन. त्याचा हुद्दा काय, तर डुकरं राखणाऱ्याचा मदतनीस! आईबाप कोण, ठाऊक नाही. मन राजकन्येवर जडलेलं, म्हणून आपण एखाद्या थोर घराण्यातले निघावं ही आस घेऊन तो स्वतःचं मूळ शोधत फिरतोय.

आज क्रॅडॉक आला. डोंगरातला हा गरीब मेंढपाळ टॅरनला सांगतो, तू माझा मुलगा. संपलं स्वप्न. तरी टॅरन राहतो, राबतो, मेंढरं सांभाळतो. मग ऐन हिवाळ्यात म्हातारा दरीत कोसळतो. टॅरन काठावर उभा असतो आणि त्याच्या मनात येऊन जातं, हा गेला तर मी सुटलो.

भाचीने माझं मनगट घट्ट धरलं. "मावशी, असं म्हणाला तो?"

म्हणाला नाही गं, मनात आलं त्याच्या.

"पण तो तर चांगला आहे ना?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. पुढच्याच क्षणी त्याला स्वतःची इतकी शरम वाटते की तो जिवावर उदार होऊन खाली उतरतो, हे वाचून दाखवलं तेव्हा तिने मनगट सोडलं.

गेल्या वर्षी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या फ्रोडोच्या वेळी ती अशीच दुखावली होती. दुष्ट अंगठी आगीत टाकून नष्ट करायला इतकी पायपीट करून ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचला आणि म्हणतो, अंगठी माझी, टाकणार नाही! "हरलाच की तो," असं म्हणून तिने पुस्तक उलटं ठेवून दिलं होतं. खरंच हरला. अंगठीसाठी हपापलेल्या गॉलमने त्याचं बोट चावून तोडलं नसतं तर अंगठी आगीत पडलीच नसती. आणि गॉलम तिथवर जिवंत होता तो आधी फ्रोडोच्या थोरल्या नातलगाने, बिल्बोने, आणि मग फ्रोडोने त्याच्यावर दया केली म्हणून. सिनेमामुळे फ्रोडो आपल्याला विशीतला पोरगा वाटतो, पण पुस्तकात तो घर सोडतो पन्नासाव्या वर्षी. तेव्हा त्याच्या निरागसपणाला अजाण वय हे कारण नाही. रस्ता माहीत नसताना, भीती वाटत असताना तो ओझं उचलतो. मला तो फार मोठा वाटतो, हरूनही.

अर्सुला ले ग्विनच्या कादंबरीतला तरुण जादूगार गेड मला तितकाच प्रिय, पण तो या निरागस नायकांच्या रांगेतला नव्हे. त्याने गर्वापोटी जादूने एक घातकी सावली मोकळी सोडली आणि मग ती निस्तरली.

रांगेच्या अगदी मुळाशी मला दिसतो तो पार्झिफाल, तेराव्या शतकाच्या आरंभीच्या जर्मन काव्यातला. शूर पतीला गमावलेली आई त्याला रानात वाढवते, सरदार-योद्धे दृष्टीलाही पडू नयेत म्हणून. पुढे एक गुरू शिकवतो, फार प्रश्न विचारू नकोस. बिचारा ते अक्षरशः पाळतो. ग्रेल नावाची पवित्र वस्तू जपणाऱ्या किल्ल्यात राजा जखमेने तळमळतोय, आणि हा सभ्यपणे गप्प! तुम्हाला काय होतंय, एवढं विचारलं असतं तर राजा बरा झाला असता. तो प्रश्न ओठांवर यायला त्याची मग कितीतरी वर्षं वणवणीत जातात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. दवाखान्यात बाबांच्या उशाशी मीही अशीच बसायचे, औषधांच्या वेळा चोख पाळत. दुखतंय का, हे विचारायला जीभ रेटायची नाही.

भाचीच्या प्रश्नाला मी शेवटी काय म्हटलं? म्हटलं, चांगला आहे म्हणूनच त्याला लाज वाटली. तिला ते पुरेसं वाटलं नाही, तोंडावर दिसत होतं. मलाही नाही वाटलं. दरीत उतरणारा टॅरन आणि आईच्या रानातला पार्झिफाल यांतला निष्पाप मला विचाराल तर टॅरन, आपल्या मनात काय आलं होतं ते पुरतं ठाऊक असलेला. हे अकरा वर्षांच्या मुलीला कसं सांगावं?

झोपताना तिने खूण म्हणून पानात रबरबँड घातला. अजून लोहार, विणकरीण आणि कुंभार यायचेत. टॅरनला मनापासून आवडते ती कुंभारकी, आणि नेमकी तीच त्याला साधत नाही. ती पानं मी आत्ताच वाचून ठेवणार आहे. तिथेही ती मनगट धरेल.