काका, कचऱ्याचं काम का सोडलंत?

जिन्यात, भाजीवाल्यापाशी, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, सगळीकडे तेच. "काका, कचऱ्याचं का सोडलंत? किती छान चाललं होतं!" सोसायटीची कचरा समिती सोडल्यापासून दोन वर्षं मी "गुडघे" असं उत्तर देतोय. माझे गुडघे ठणठणीत आहेत. रोज सकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याला दोन फेऱ्या मारताना तुम्हीच मला बघता. तेव्हा एकदा सांगूनच टाकतो.

आधी तुमचा तो दुसरा लाडका प्रश्न. "गाडीत सगळं एकत्रच जातं, मग वेगळं कशाला करायचं?" घंटागाडीच्या मागे उभं राहून मी कित्येक सकाळी पाहिलंय. एकत्र गेलं ते बहुतेक वेळा आपल्याच इमारतीतून एकत्र उतरलेलं असायचं. बहुतेक वेळा म्हणालो, प्रत्येक वेळा नव्हे. आणि खताच्या ड्रमाला वास यायचा, ही तक्रार खरी होती. पहिल्या महिन्यात अळ्या पडल्या, कारण मी सुका पाला कमी घालत होतो आणि कलिंगडाच्या साली मात्र पोतंभर. पाला वाढवला, आंबट ताक शिंपडलं, दर चार दिवसांनी वरखाली केलं, वास गेला. तुमची तक्रार तेवढी राहिली.

आता मुद्द्याचं.

आपल्या गेटसमोरच्या नाल्याचा कठडा म्हणजे माझा वैरी होता. तिथं रात्री पिशव्या पडायच्या आणि पहिल्या पावसात वाहून जायच्या. त्या कुठं जातात ते मला माहीत होतं. आपल्या नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली. पावसाचं पाणी आधी धारण तलावात साठतं. भरतीला झडपा मिटतात, ओहोटीला उघडतात आणि पाणी ठाणे खाडीत जातं. झडपेत एक पोतं अडकलं की पाणी मागे फिरतं. त्याच खाडीचा भाग 2022 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. आपण मुलांना रोहित पक्षी दाखवायला तिकडे नेतो आणि वाटेत रिकामं पाकीट खिडकीतून सोडतो. 2018 ची प्लास्टिकबंदी, 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरा नंबर, सगळ्याचे फलक त्या कठड्याच्या वरच्याच खांबावर लागले. खाली पिशव्या. माझं डोकं फिरायचं.

म्हणून एका सकाळी काठी घेतली आणि पिशवी फोडली. आत मोठ्या माणसांची डायपर्स होती, चार-पाच, आणि मेडिकलचं बिल. बिलावर नाव होतं. नावावर मी अंगठा ठेवला, हे आजही शपथेवर सांगतो. फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: "सुशिक्षितांचा सुसंस्कृत कचरा. ओळखा पाहू?" वर हसण्याची तीन तोंडं. सतरा अंगठे आले. त्यात तुमचेही होते, काढून बघा.

अंगठ्यानं नाव झाकलं. पण अडतीस घरांत त्या मापाचं डायपर लागणारं घर एकच होतं. ते मला माहीत नव्हतं असं म्हणता येईल का? सांगता येत नाही. म्हणजे आठवलं नाही. म्हणजे त्या क्षणी आठवायचं नव्हतं, असंही असेल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी दारात आल्या. मी आत या म्हटलं, त्या उंबऱ्यावरच थांबल्या. पदराला हात पुसत होत्या, हात कोरडेच होते. आवाज अजिबात चढला नाही.

"भाऊजी, फोन दिवसभर त्यांच्याच उशाशी असतो. दुसरं काही करता येत नाही ना. ग्रुप तेच वाचतात आणि मला सांगतात कोणी काय लिहिलं."

मी म्हटलं, वहिनी, निदान नाल्यावर तरी नको होतं.

"मग कुठं? तुम्हीच कागद लावला होता ना लिफ्टमध्ये, सुक्यात डायपर टाकायचे नाहीत म्हणून. ओल्यात तर नाहीच. पहाटे साडेचारला उतरते मी. कुणाला दिसू नये म्हणून."

बस्स, एवढंच. चहाही न घेता गेल्या. फोटो सगळ्यांच्या फोनमधून काढायला गेलो, तर त्याचीही मुदत उलटून गेली होती.

तो कागद माझाच. सुका कचरा हातानं निवडणाऱ्या बाईंना ती घाण उचलावी लागू नये म्हणून लावला होता. हेतू चांगला होता, आणि त्या बाईंनी माझे आभारही मानले होते. पण तेव्हा लागू असलेला 2016 चा नियम काय म्हणत होता, ते नंतर वाचलं: डायपर, पॅड नीट गुंडाळा आणि सुक्याच्या डब्यात टाका. गुंडाळायला पिशवी उत्पादकानं द्यावी असंही त्यात होतं. मी नियमापेक्षा कडक झालो होतो. नको तिथं बोट दाखवलं, पुढचं वाक्य लिहिलंच नाही.

वहिनींचे साहेब गेल्या चैत्रात गेले. अंत्ययात्रेला मी सगळ्यात मागे होतो.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून तुम्हाला राग येईल. त्या फोटोनंतर दीड महिना कठडा स्वच्छ होता. तीन वर्षं मी विनवण्या केल्या, कागद लावले, मुलांकडून चित्रं काढून घेतली, फरक पडला नव्हता. लाजेनं पडला. मग चूक होती की नाही? रात्री झोप लागत नाही तेव्हा वाटतं, घोर चूक. सकाळी कठड्यावर कुणाची तरी फाटकी गादी दिसली की तोच जुना मी आत उठून बसतो आणि म्हणतो, एक फोटो, एकच. त्याच्याशी भांडून मी जिंकलोय असं मला वाटत नाही. म्हणून समिती सोडली. फोन माझ्याच हातात असतो ना.

घरातला ओला-सुका अजून वेगळाच होतो. कडीपत्त्याच्या कुंडीत खत आहे, हवं तर घेऊन जा.

आणि हो, नव्या समितीतल्या पोरींनी परवा सूचनाफलकाचा मजकूर तपासायला पाठवला. हुशार पोरी आहेत, ठळक अक्षरात छापलंय. चौथी ओळ: "सुक्या कचऱ्यात डायपर, पॅड टाकू नयेत." माझंच वाक्य, स्वल्पविरामासकट. मी खाली पेन्सिलीनं "मग कुठे?" लिहून कागद परत पाठवला. आज पाचवा दिवस, उत्तर आलेलं नाही.