शाहिरांचं पान ठेवायचं की काढायचं?

मराठी विकिपीडियावर मी प्रचालक, म्हणजे पानं काढण्याचे अधिकार असलेली सदस्य, आहे. त्या संध्याकाळी ‘पानकाढा’ साचा, म्हणजे पान काढावं अशी सूचना, लागलेली दोन पानं निकाली काढायची होती. माणूस मोठा की लहान, हे आम्ही ठरवत नाही. त्याच्याशी लागाबांधा नसलेल्या कुणी, विश्वासार्ह ठिकाणी, त्याच्याबद्दल सविस्तर लिहिलंय का, एवढंच बघतो.

पहिलं पान नागपुरातल्या एका होतकरू पुढाऱ्याचं. तळाशी संदर्भांची ही रांग! एकेक उघडला. वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत तोच मजकूर, ‘दैदिप्यमान’ हे चुकीचं रूपही सगळीकडे तेच. कार्यालयातून आलेलं प्रसिद्धिपत्रक न वाचता छापलेलं. दुवे ढीगभर, स्रोत एकच, तोही पुढाऱ्याचाच. पानावरच्या चर्चेत ‘ठेवा’ म्हणणारी खाती सगळी नवीकोरी. कौलात डोकी मोजत नाहीत, मुद्दे बघतात. पान काढलं.

दुसरं पान भंडाऱ्याकडच्या एका दिवंगत शाहिराचं, नातवानं लिहिलेलं. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, त्यांची खडी गंमत, उभ्यानं सादर होणारं लोकनाट्य, व्हायची. डफ, ढोलकी, नाच्या, आणि उभ्या उभ्या रात्र सरायची. संदर्भ एकही नाही. “ताई, पान काहून काढता? आमच्याकडं कोणालाही विचारा,” त्यानं चर्चापानावर लिहिलं. एका जाणत्या सदस्याचा शेरा होता: ऑनलाइन दुवा नाही, काढा. याचा मला मनस्वी राग येतो. स्रोत ऑनलाइनच हवा असा नियम नाही; छापील अंक, पृष्ठ क्रमांक दिला की चालतो.

म्हणून सीताबर्डीला विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात गेले. संघ १९२३चा, विदर्भाबद्दलचं काही शोधायचं तर मी आधी तिथेच जाते. एका जुन्या मासिकात खडी गंमतवर लेख सापडला. त्यात शाहिरांचं नाव होतं, गावासकट, पण एकाच ओळीत. एका ओळीवर स्वतंत्र पान उभं राहत नाही.

मग ती ओळ संदर्भासह ‘खडी गंमत’च्या पानात घातली आणि शाहिरांच्या नावाचं तिकडे पुनर्निर्देशन केलं, म्हणजे ते नाव शोधलं की आता ‘खडी गंमत’चं पान उघडतं. नातवाचा मजकूर त्यामुळे पानाच्या इतिहासात शाबूत आहे. पण ज्यांच्या फडापर्यंत लिहिणारा कधी पोचलाच नाही, त्यांच्यासाठी स्वतंत्र स्रोत आणायचा कुठून? पुढाऱ्याला निदान पत्रक काढता येतं.

शाहिरांच्या लावण्यांची वही नातवाकडे आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला ती दाखव, त्यानं सविस्तर लेख छापला की पान परत उभं करू, असं मी त्याला सांगितलंय. अभ्यासक अजून मिळालेला नाही. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर कळवा, मी गाठ घालून देते.