नाकातली चार ग्रॅम माती

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एका महाविद्यालयाच्या कार्यशाळेत मी शिकवते. दर वसंतात दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून मी बूस्ट ग्लायडर करून घेते. रॉकेटसारखे सरळ वर चढायचे, वर पोहोचल्यावर इंजिनाची नळी टाकून द्यायची आणि विमानासारखे तरंगत खाली यायचे, एवढे काम बाल्सा लाकडाच्या या हलक्या मॉडेलला करायचे असते. वरवर सोपे दिसणाऱ्या या कामाने गेल्या एप्रिलमध्ये माझी एक पक्की समजूत मोडली, त्या दिवसाची ही हकीकत आहे.

ग्लायडर एका विद्यार्थिनीचे होते. पंखांचा विस्तार ३८ सेंटिमीटर, पंखाची रुंदी ८ सेंटिमीटर आणि वजन २२ ग्रॅम. त्यातली दोन ग्रॅम ही समतोल साधण्यासाठी नाकात भरलेली माती होती. शेपटीच्या आडव्या पात्याची मागची कड वर उचलण्यासाठी तिने त्याखाली अर्ध्या मिलिमीटरच्या जाड कार्डाच्या तीन पट्ट्या चिकटवल्या होत्या. व्यायामशाळेत खांद्याच्या उंचीवरून अलगद सोडले की ते दहा मीटर अंतर शांतपणे कापून लाकडी जमिनीवर टेकत असे. इतके सुंदर तरंगणारे मॉडेल त्या वर्गात दुसरे नव्हते.

मैदानावर मात्र वेगळेच घडले. इंजिन सर्वांत लहानांपैकी एक, हाफ-ए श्रेणीचे होते. त्याची दारू अर्ध्या सेकंदाच्या आत जळून जाते, मग दोन सेकंद विलंबाचे मिश्रण जळते आणि शेवटी पुढच्या बाजूने वायूचा झोत सुटतो. त्या झोताने पॉडचे, म्हणजे इंजिनाच्या त्या नळीचे, टोक पुढे उडते, पॉड मागे सरकून आकड्यातून निसटतो आणि रंगीत फीत फडकवत वेगळा खाली येतो. आम्ही नियमाप्रमाणे पंधरा फुटांवर उभे राहून मोजणी पूर्ण केली आणि बटण दाबले. ग्लायडर उड्डाणाच्या उभ्या सळईवरून सुटले, जेमतेम पंधरा मीटर वर गेले, पाठीवर उलटले आणि मोठा गोल घेत गवतात घुसले. पॉड सुटला तो जमिनीवर आपटल्यानंतर.

मी क्षणभरही विचार न करता सांगितले, “नाक जड कर.” रॉकेटचा गुरुत्वमध्य (जिथे वजन एकवटते) दाबमध्याच्या (जिथे हवेचा जोर एकवटतो) पुढे, निदान एका व्यासाइतका असावा, हा नियम मी वर्षानुवर्षे शिकवत आले आहे आणि पुढे जड म्हणजे सुरक्षित हे माझ्या हाडीमाशी खिळलेले होते. तिने आणखी दोन ग्रॅम माती भरली. त्यामुळे हातातून सोडल्यावर ते नाक खाली घालू लागले, म्हणून शेपटीखाली चौथी पट्टी लावली. ते पुन्हा छान तरंगू लागले. दुसऱ्या उड्डाणात मात्र ते आधीपेक्षा लहान गोलात उलटले.

माझ्या सल्ल्याने ते बिघडले होते, त्यामुळे पुढचे उड्डाण मी थांबवले. गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून आम्ही दोघींनी हिशेब मांडला. ग्लायडर कोणत्या कोनात हवा कापणार, हे दोन गोष्टी मिळून ठरवतात. शेपटी नाक किती वर ढकलते ही एक आणि गुरुत्वमध्य तटस्थ बिंदूच्या, म्हणजे ज्याच्या पुढे तो असला तरच ग्लायडर स्थिर राहते त्या जागेच्या, किती पुढे आहे ही दुसरी. पहिलीला दुसरीने भागले की पंखाची उचल, म्हणजे त्याला वर ढकलणारे बल, किती राहील याचा अंदाज मिळतो. हा कोन वेगावर अवलंबून नसतो, सारी गोम तिथेच आहे. तरंगताना वेग सेकंदाला पाच मीटर असला आणि चढताना पंचवीस, तर त्याच कोनात उचल पाचपट नव्हे, पंचवीसपट होते. मग ग्लायडर उलटणार नाही तर काय करील?

यातून वाचवतो तो पॉडच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मॉडेलांमध्ये इंजिन मागे असे. मॉडेल रॉकेट बनवणारे लॅरी रेंगर यांनी ते पुढे आणले, त्याचा खरा फायदा मला त्या बॉनेटवर उमगला. पुढे बसवलेल्या पॉडच्या वजनाने चढताना गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या निम्म्याने पुढे सरकत होता. मूळ ग्लायडरमध्ये तटस्थ बिंदूपासून गुरुत्वमध्याचे अंतर रुंदीच्या २५ टक्के होते, पॉडसह ते ७५ झाले, म्हणजे चढताना उचलीचे प्रमाण तरंगतानाच्या एक तृतीयांशावर आले. माझ्या मातीने ग्लायडरचे अंतर ३५ आणि पॉडसह ८५ झाले आणि हे प्रमाण दोन पंचमांश झाले, म्हणजे वाढले. हेच अंतर ८ टक्क्यांवर आणले तर पॉडसह ते ५८ होते आणि उचल एक सप्तमांशावर येते. पॉडचा वाटा तेवढाच राहतो. ग्लायडरचे स्वतःचे अंतर जितके कमी, तितका त्या वाट्याचा परिणाम मोठा.

नाकातली चारही ग्रॅम माती आम्ही टोकदार चिमट्याने उकरून काढली आणि शेपटीखाली एकच पट्टी ठेवली. हातातून सोडल्यावर ग्लायडर आता थोडे चंचल वाटत होते. एका झुळकेने ते नाक वर करी आणि सावरायला वेळ घेई. ही किंमत मोजावीच लागते आणि ती मला मान्य आहे.

तिसऱ्यांदा बटण दाबले तेव्हा ती माझ्या शेजारी श्वास रोखून उभी होती. ग्लायडर सळईवरून निघाले, किंचित मागे झुकत पण सरळ चढत गेले. वर मंदावले, पांढऱ्या धुराचा लहानसा पुंजका दिसला, लाल फीत उलगडली आणि पॉड बाजूला झाला. ग्लायडरने एकदा नाक खाली घातले, दुसऱ्यांदा थोडे कमी, आणि मग डावीकडे रुंद वळण घेत ते तरंगू लागले. घड्याळात एकतीस सेकंद झाले तेव्हा त्याचे पोट गवताला टेकले.

तिने ते उचलून आणले, बोटावर तोलून पाहिले आणि पंखाखाली पेन्सिलीने समतोलाची नवी रेघ मारली. पहिली रेघ तिच्या पुढे १४ मिलिमीटरवर होती. ती तिने पुसली नाही.