घर स्वच्छ, मग शिसं आलं कुठून?

गरोदर स्त्रियांच्या रक्तातलं शिसं तपासणं हा आमच्या अभ्यासाचा एक भाग. एका बाईंचा आकडा पहिल्या तिमाहीत डेसिलिटरमागे ४ मायक्रोग्रॅम होता, आठव्या महिन्यात तो ९ झाला. ५ झाले की स्रोत शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बोट टोचून घेतलेल्या रक्तात कातडीवरची धूळ मिसळून आकडा फुगू शकतो, म्हणून शिरेतून पुन्हा रक्त घेतलं. तरी ९च.

मग घर तपासलं. हातात धरायचं एक्स-रे यंत्र भिंतीला टेकवून खटका दाबला की रंगाच्या आतल्या थरातलं शिसंही कळतं. दारं, चौकटी, नवा आणलेला पाळणा, कशातच काही नाही. खिडकीतली धूळ ओल्या पुसणीने टिपली, नळाचं पाणी बाटलीत भरून घेतलं.

तेही अहवाल निर्धोक आले, ते सांगायला गेले तो दिवस लक्षात राहिला. बाईंची आई बाळंतपणासाठी येऊन राहिली होती. माझं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, “हिचे वडील अंगणात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. या दोघी बहिणी तिथेच खेळायच्या.”

आमच्या प्रश्नावलीत ‘गेल्या बारा महिन्यांत’ काय काय झालं एवढंच विचारलेलं. शरीराचा हिशेब मात्र फार जुना असतो. शिसं कॅल्शियमचं सोंग घेऊन हाडांत शिरतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांतच असतं आणि तिथे ते दशकानुदशकं टिकतं. शेवटच्या महिन्यांत बाळाची हाडं भराभर घडतात, आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं आणि त्याबरोबर हेही. गर्भाला पोसणारी वार त्याला अडवत नाही. संशोधक ब्रायन गुल्सन यांनी १९९०च्या दशकात हे ऑस्ट्रेलियात स्थलांतरित स्त्रियांवर दाखवून दिलं. ऑस्ट्रेलियातल्या शिशाच्या समस्थानिकांचं, म्हणजे कमी-जास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण वेगळं असल्यामुळे गरोदरपणात रक्तात उतरलेलं जुन्या देशातलं शिसं ओळखता आलं. आमच्याकडे तसा पुरावा नाही. ते अंगण केव्हाच मागे सुटलंय, तिथली माती आणणार कुठून? पण बाकी सगळं तपासून झाल्यावर मला दुसरं कारण दिसत नाही.

या पातळीला शिसं उतरवणारी औषधं देत नाहीत. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि लोह नेमाने घ्यायला सांगितलं, बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही म्हणाले, आणि जन्मानंतर बाळाचं रक्त तपासायचं ठरलं.

बाईंनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मॅडम, धाकटीला दिवस जायच्या आधीच तपासता येईल का?”

धाकटी आमच्या अभ्यासात नव्हती, नियमात बसतही नव्हती. आमच्या प्रमुखांशी थोडी हुज्जत घालावी लागली, पण पुढच्या आठवड्यात तिचं रक्त घेतलं. प्रश्नावलीत लहानपणच्या घराबद्दल एक प्रश्न घालायचा माझा आग्रह मात्र अजून ‘फॉर्म आधीच लांबलाय’ या कारणावर अडकलाय.