गाव तिथे दोन मीटर

पुण्यात वाढलेल्या मुलीवर शिवण शिकायची वेळच येत नाही. गल्लीच्या तोंडाशी टेलर असतो. कापड आणि मापाचा ब्लाऊज त्याच्यापुढे टाकायचा, 'गौरींच्या आधी हवाय' म्हणायचं. तो 'गुरुवारी या' म्हणतो, गुरुवारी ब्लाऊज तयार नसतो, आणि तरीही गौरी यायच्या आत तो आपल्या अंगात असतो. ही व्यवस्था नसलेलं गाव जगात असेल, असं लग्न होऊन स्टुटगार्टला जाईपर्यंत मला वाटलंच नव्हतं.

तिथे शिवणाची दुकानं नाहीत असं नाही, पण ती दुरुस्तीची. पॅन्टची उंची कमी करून देतील, जॅकेटची चेन बदलतील. त्यांना कटोरी ब्लाऊज, पाठीला नाडी, बाहीला काठ हे सगळं समजावून सांगायला जर्मनची जी पातळी लागते, तिची परीक्षा अजून कुणी काढलेली नाही. म्हणून मग मशीनच घेतलं. जुन्या बाजारात मिळालेलं, प्फाफचं. 1862 पासून कायझर्सलाउटर्न गावात रुजलेली ही कंपनी, आणि आमचं मॉडेल सगळं लोखंडी. नवऱ्यानं ते मांडीवर घेऊन ट्रॅममधून घरी आणलं आणि टेबलावर ठेवता ठेवता विचारलं, "हे रात्री चालवणार नाहीस ना?"

प्रश्न रास्त होता. तिथे रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते, आणि लोखंडी मशीनची टीप लाकडी जमिनीतून खालच्या आजींच्या थेट डोक्यावर पोचते. त्यामुळे आमच्याकडे टिपा शनिवारी आणि हातशिलाई रविवारी. तुरपाई, हुक, काजं. समोर नवरा पुढच्या भटकंतीच्या गाड्यांची वेळापत्रकं जुळवत बसलेला. संसारात याहून बरी वाटणी मी तरी पाहिलेली नाही.

कटिंग मी एका मासिकावरून शिकले. स्टुटगार्टच्याच राज्यात ऑफेनबुर्ग म्हणून गाव आहे. तिथल्या एने बुर्डा या बाईंनी 1950 मध्ये कपड्यांचं मासिक काढलं आणि 1952 पासून त्यात कटिंगचे कागद घालायला सुरुवात केली. युद्धानंतर हात आखडून जगणाऱ्या बायकांना त्यामुळे फॅशनचा कपडा घरच्या घरी बेतता येऊ लागला. तो कागद पहिल्यांदा उलगडला तेव्हा मला पेठांचा नकाशाच समोर पसरल्यासारखा वाटला. लाल, निळ्या, हिरव्या, काळ्या रेषा, एका कपड्याची बाही दुसऱ्याच्या पाठीवरून गेलेली. त्यातून आपल्या मापाची रेघ हुडकायची, पातळ कागदावर गिरवायची, आणि कापड कापताना शिलाईपुरती माया, म्हणजे जास्तीचं कापड, आपली आपण धरायची, कारण रेघेत ती धरलेली नसते.

एकदा हाताला हे लागलं आणि प्रवासाची तऱ्हाच बदलली. फ्रिजवर चिकटवायची खेळणी बंद झाली. आता गाव तिथे दोन मीटर. तिकडच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बहुतेक मोठा असतो, दोन मीटरमध्ये कुडता किंवा शर्ट आरामात बसतो. सुरुवातीला नवरा कापडाच्या दुकानाबाहेर बाकडं शोधायचा. हळूहळू तो आत यायला लागला, मग कापड बोटांत चुरगाळून बघायला लागला.

फ्रान्समधल्या ल्योंला तो जेवायच्या ओढीनं गेला आणि मी रेशमाच्या. तिथल्या क्रुआ-रूस टेकडीवर विणकरांची जुनी घरं आहेत, छत चांगलं उंच, कारण जॅकार्डचा नक्षी विणणारा माग कमी उंचीच्या खोलीत मावत नसे. जॅकार्डनं तो 1804 मध्ये पुढे आणला. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून कुठला धागा उचलायचा ते मागाला कळायचं. जवळच अम्पलपुई गावात शिलाई मशीनचं संग्रहालय आहे, तिमोनिए या शिंप्याच्या नावाचं. त्यानं 1830 मध्ये शिलाई मशीनचं पेटंट घेतलं, पॅरिसमध्ये सैन्याचे गणवेश शिवायला कारखाना घातला, आणि 1831 मध्ये पोटावर पाय येईल म्हणून इतर शिंप्यांनीच तो फोडला. मला दोन्ही बाजू पटतात. नवरा सॉफ्टवेअरवाला. तो संग्रहालयातल्या त्या मशीनच्या काचेच्या कपाटापुढे जरा जास्तच वेळ उभा राहिला.

पण मनात घर केलं ते ऑस्ट्रियाच्या बुर्गेनलांडमधल्या निळ्या छपाईनं. लाकडी ठशानं कापडावर आधी घट्ट लेप उमटवतात, लेपाच्या जागी रंग चढत नाही. मग कापड चौकटीवर ताणून निळीच्या खोल हौदात सोडतात. वर काढतात तेव्हा ते निळं नसतंच, पिवळट हिरवं असतं, आणि हवा लागेल तसं डोळ्यांदेखत निळं होत जातं. पुन्हा बुडी, पुन्हा हवा. शेवटी लेप धुतला की पांढरी फुलं मोकळी होतात. ही कला 2018 मध्ये ऑस्ट्रियासह पाच देशांच्या नावानं युनेस्कोच्या यादीत गेली. पूर्वी नीळ भारतातून यायची, असं तिथल्या कारागिरानं सांगितल्यावर मी उगाचच मान ताठ केली. 1897 मध्ये जर्मनांनी कारखान्यातली नीळ बाजारात आणून आपल्या निळीचा धंदा बसवला, हे तो सांगायचं विसरला. मीही काढलं नाही, कापडाचा भाव ठरायचा होता.

त्या निळ्याचा मी ब्लाऊज शिवला आणि यंदा सुट्टीत सदाशिव पेठेतल्या आमच्या टेलरकाकांना दाखवायला नेला. त्यांनी फुलांकडे बघितलंसुद्धा नाही. आधी ब्लाऊज उलटा केला. बाही जोडतात त्या मुंढ्यावरून अंगठा फिरवला, म्हणाले, "मुंढा बरा बसवलाय." मग बाजूची शिवण उलगडून, "पण माया एवढीशीच? उद्या अंगानं भरलात तर?"

जर्मन मासिक शिवणीत दीड सेंटिमीटर सोडायला सांगतं. माणूस जाड होतो हे त्यांच्या हिशेबातच नाही. आपल्याकडे एकेका ब्लाऊजवर दोन-दोन बाळंतपणं निघतात.

तिथून रविवार पेठेत, कापडगंजात. नवऱ्याला खणाचा शर्ट हवा होता. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा अस्सल, नारळी काठाचा नाही, साधा अंजिरी. दुकानदारानं ताग्यावरून हात फिरवत विचारलं, "ब्लाऊजलाच ना, वहिनी?"

"शर्टाला. यांच्या."

त्यांनी नवऱ्याच्या खांद्यांचा अंदाज घेतला. "खणाचा पन्हा लहान असतो. पाठीत जोड येईल."

"येऊ दे की," नवरा म्हणाला. "मधोमध घेतला आणि नक्षी जुळवली, तर कळणारही नाही."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नक्षी जुळवायची तर कापड वाया जाणार, तीन मीटर द्या. नवरा बॅगेच्या वजनावरून काहीतरी बोलेल या तयारीत मी होते, पण तो पुढच्या ताग्याकडे वळला होता.

"आता आलोच आहोत तर अस्तराचंही घेऊन टाक," तो म्हणाला, "तिकडे फार महाग पडतं."