कासवछाप निखारे

नॉर्थ कॅरोलायनात बार्बेक्यू करत नाहीत, खातात. हा धडा मला शेजारच्या आजोबांनी आमच्या कॅरी गावातल्या पहिल्याच उन्हाळ्यात दिला. आम्ही हौसेने कोळशाची शेगडी आणली होती, तिच्यावर कोंबडीच्या तंगड्या आणि मक्याची कणसं टाकली होती, आणि मी कुंपणावरून हाक मारली, "बार्बेक्यू करतोय, या ना!" आजोबा आले. एक तंगडी सभ्यपणे खाल्ली, हात पुसले आणि म्हणाले, "छान झालंय. पण याला आम्ही कुकआउट म्हणतो. बार्बेक्यू म्हणजे डुक्कर." पुरणपोळीला कुणी 'गोड पराठा' म्हटलं तर आपला चेहरा जसा होईल, तसा त्यांचा झाला होता.

आजोबा मूळचे गोल्ड्सबरोकडचे, म्हणजे पूर्वेचे. हे 'पूर्वेचे' महत्त्वाचं. या राज्यात डुकरावरून दोन तट आहेत. पूर्वेकडे अख्खं डुक्कर लाकडाच्या निखाऱ्यांवर रात्रभर भाजतात आणि त्यावर व्हिनेगर, मीठ आणि लाल-काळी मिरी एवढंच. टोमॅटोचा थेंब चालत नाही. पश्चिमेकडे लेक्सिंग्टनच्या बाजूला फक्त खांदा भाजतात आणि व्हिनेगरात थोडं केचप घालतात. त्याला ते 'डिप' म्हणतात, आणि कोबीच्या कोशिंबिरीतही मेयोनीजऐवजी तेच ओततात, म्हणून ती लालसर दिसते. हा वाद राज्याच्या विधिमंडळापर्यंत जाऊन आलेला आहे. दोन्ही मुलखांची हद्द ढोबळमानाने राजधानी रॅलीच्या आसपास धरतात, आणि कॅरी तिला लागूनच, म्हणजे आम्ही थेट सीमाभागातच घर घेतलेलं. बेळगावात राहणाऱ्या माणसाला जितकं जपून बोलावं लागतं, तितकं इथे सॉसबद्दल बोलताना जपावं.

आजोबांच्याच सांगण्यावरून एका शनिवारी आम्ही एडनला गेलो. तिथे स्कायलाइट इन नावाचं १९४७ सालापासूनचं हॉटेल आहे. छोट्या गावातली साधी इमारत आणि तिच्या डोक्यावर चक्क संसदेसारखा घुमट. बार्बेक्यूची राजधानी इथेच, हे आल्यागेल्याला कळावं म्हणून. आत काउंटरमागे लाकडी ठोकळ्यावर एक माणूस दोन्ही हातांत सुरे घेऊन मांस तोडत होता. खट खट खट खट. डोळे मिटले असते तर सावंतवाडीच्या मटण मार्केटात खिम्याच्या दुकानापुढे उभी आहे असं वाटलं असतं. मांसाबरोबर तो भाजून कुरकुरीत झालेली कातडीही तोडत होता, वरून व्हिनेगर शिंपडत होता, पुन्हा तोडत होता. कागदी ट्रेमध्ये ते मांस, त्यावर मक्याच्या पावाचा चपटा तुकडा, त्यावर कोशिंबीर, अशी उतरंड हातात आली.

पहिला घास घेतला आणि मी एकदम म्हापशात पोचले.

आमच्या घरात डुक्कर खात नसत. माझ्या आजोबांच्या काळी गावच्या पारधीत रानडुक्कर मिळालं तर वाटे पडायचे, पण ते आठवणीपुरतं. आईच्या लेखी पाळलेलं डुक्कर हा प्राणी खाण्यात मोडत नाही. मी खाल्लं ते गोव्यात शिकायला गेले तेव्हा, म्हापशाच्या मैत्रिणीकडे. शुक्रवारच्या बाजारात लाल चोरिसांच्या, म्हणजे डुकराच्या सॉसेजच्या, माळा लटकलेल्या बघून मी आधी त्या देवाला घालायच्या समजले होते. मैत्रिणीची आई सॉरपोटेल, म्हणजे डुकराचं आंबट-तिखट कालवण, करायची ते दोन दिवस आधी. आज केलेलं आज कुणाला द्यायची नाही. तिच्या ओट्याखाली माडाच्या सुरेच्या व्हिनेगरची बाटली असे, गढूळ, पिवळसर. बूच काढलं की नाकात मुंग्या. विंदालूतला 'आलू' म्हणजे बटाटा नव्हे, हे मला तिनेच सांगितलं. ते पोर्तुगीजांचं 'विन्या द आल्योस', वाइन आणि लसूण. पोर्तुगीज वाइनच्या व्हिनेगरात मांस मुरवत. इथे द्राक्षं कुठली? मग माडाची सूर आंबवली, आणि त्यांनीच अमेरिकेतून आणलेली मिरची त्यात घातली, झालं. डुक्कर, मिरची आणि आंबवलेलं आंबट. एडनच्या ट्रेमध्येही नेमकं हेच तिघे बसले होते. एडनला व्हिनेगर सफरचंदाचं, म्हापशात माडाचं, एवढाच फरक.

आपल्याकडे आंबटाचं केवढं मोठं खटलं आहे! चिंच, आमसूल, लिंबू, कैरी, ताक, अंबाडी, कोकणात बिमली. प्रत्येकाचा मानपान वेगळा. आमटीत चिंच चालते ती माशाच्या तिखल्यात चालेलच असं नाही, बांगड्याला कोकम लागतं ते कोंबडीला लागत नाही. या यादीत व्हिनेगर मात्र कधीच नव्हतं. आमच्या पिढीसाठी व्हिनेगर म्हणजे चायनीजच्या गाडीवरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत तरंगणाऱ्या हिरव्या मिरच्या. नाहीतर किटलीतला क्षार काढायचं औषध. त्यामुळे घरी बार्बेक्यू करायचं ठरवलं तेव्हा मला भाजण्याची नव्हे, त्या बाटलीची भीती वाटत होती. भाजणं म्हणजे काय, विस्तव आणि वेळ.

तर विस्तव. अख्खं डुक्कर आमच्या परसात मावणार नाही आणि घरमालक संघटनेला ते आवडणारही नाही, म्हणून खांदा. इथे त्याला 'बॉस्टन बट' म्हणतात. वसाहतकाळात न्यू इंग्लंडात हे तुकडे 'बट' नावाच्या पिंपांत भरून ठेवत, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. म्हणजे 'बट' असून तो पार्श्वभाग नाही, खांदा आहे. टेक्सस पीट नावाचा हॉट सॉस टेक्ससचा नसून इथल्याच विन्स्टन-सेलमचा आहे, त्यातलाच प्रकार. आठ पौंडांचा, म्हणजे साडेतीन किलोच्या वरचा तुकडा मी शुक्रवारी दुपारी मीठ चोळून ठेवला. फक्त मीठ. आजोबांची तशी ताकीद होती.

आमची शेगडी म्हणजे तो गोल बुडाचा, वर घुमटासारखं झाकण असलेला वेबरचा डबा. १९५२ साली शिकागोजवळच्या एका कारागिराने समुद्रात तरंगणाऱ्या बोयाचे दोन अर्धगोल घेऊन हा प्रकार बनवला. बंदरात बोये बघत वाढलेल्या मुलीला हे कळल्यावर ती शेगडी उगाच माहेरची वाटायला लागते. यात बारा-चौदा तास मंद आच ठेवायची तर कोळसे ढीग करून पेटवायचे नाहीत. कडेने, भिंतीला चिकटून, दोन-दोनच्या रांगेत गोल मांडत न्यायचे आणि फक्त एक टोक पेटवायचं. विस्तव एका कोळशावरून पुढच्यावर सरकत राहतो. इथे याला 'साप' म्हणतात. आमच्या घरात मात्र पहिल्या दिवसापासून 'कासवछाप'. डासांची अगरबत्ती बघितलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? अधेमधे हिकरीच्या लाकडाचे तुकडे ठेवायचे. अक्रोडाच्या कुळातलं झाड, धूर किंचित गोडसर. मध्ये पाण्याचं पसरट भांडं, वर जाळीवर खांदा, झाकण बंद.

नवरा अंड्यापर्यंतच पोचलेला आहे, त्यापुढे तो जाणार नाही. पण विस्तव त्याच्या ताब्यात असतो. झाकणाची भोकं किती उघडायची, तापमान २२५ ते २५० फॅरनहाइटमध्ये, म्हणजे आपल्या ११०-१२० सेल्सियसच्या आसपास कसं ठेवायचं, याचा तो तासागणिक तक्ता भरतो. न खाणाऱ्या माणसाने शिजवण्यात इतकं मन घालावं हे मला आधी विचित्र वाटायचं. आता मी त्याला फक्त चहा करून देते.

रात्री साडेदहाला आईचा फोन आला. तिकडे सकाळ. मागे चुलीवर पाणी तापत असल्याचा आवाज.

"अजून झोपूक नाय?"

"शेगडीवर मांस आहे. उद्या दुपारी होईल."

आई जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "रातभर जागी रवान डुकराक राखतंस? मेललो मा तो? पळान खंय जातलो?" आणि शेवटी तिचा ठरलेला सल्ला: "कुकरात लाव मगे. चार शिट्यो काढ."

मी तेही करून बघितलंय. गेल्या वर्षी इलेक्ट्रिक कुकरात तासाभरात खांदा सुटा झाला होता. मऊ होता, पण उकडलेला. त्याला धूर नाही, आणि बाहेरून येते ती काळपट, खारट, दाताखाली जरा चिवट लागणारी साल नाही. इथे तिला बार्कच म्हणतात, झाडाची असते तीच. अर्थात हे आईला सांगण्यात अर्थ नव्हता. "बरं" म्हणून मी फोन ठेवला.

खरी परीक्षा दोनच्या सुमाराला. मांसाच्या पोटात खुपसलेल्या तापमापकाचा काटा चढत चढत १६० फॅरनहाइटला येतो आणि थांबतो. अर्धा तास, तास, दोन तास. पहिल्या वेळी आम्हाला वाटलं काटा बिघडला. मग कोळसे वाढवले आणि खालची बाजू जाळून घेतली. कारण मात्र आपल्या ओळखीचं आहे. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठ उन्हाळ्यात पाणी गार करतो तो असाच. म्हणजे खाली निखारे पेटलेत, आणि वर साडेतीन किलोचा माठ पाझरत बसलाय. आजोबांचा उपाय एकच: झाकणाला हात लावू नका. काही लोक या टप्प्याला मांस फॉइलमध्ये गुंडाळून वेळ वाचवतात. साल ओली पडते म्हणून मी गुंडाळत नाही. ऑक्टोबरची रात्र होती, गारठा होता, आणि पहाटे चारला सरळ पाऊस आला. नवरा छत्री घेऊन शेगडीवर धरून उभा राहिला. स्वतः भिजला. तक्ता मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत होता.

सॉसचं काम सकाळचं. अर्धा लिटर सफरचंदाचं व्हिनेगर, मोठा चमचाभर लाल मिरचीचा भरडा, काळी मिरी, मीठ, थोडा गूळ. गूळ आजोबांपासून लपवून. व्हिनेगर नुसतं कोमट करायचं, मीठ-गूळ विरघळेपर्यंत. मी पातेल्यावर वाकून वास घेतला आणि ठसका लागून पाच मिनिटं सिंकपाशी उभी राहिले. इतक्या वर्षांनीही मी हे दर वेळी करते. ही पहिली बाटली.

दुसरी बाटली माझ्या मनची. आईने मेमध्ये येताना कोकमाचं आगळ आणलं होतं, तीन पिशव्यांत बांधून, तरी बॅगेतल्या दोन साड्यांना डाग पाडूनच ते पोचलं. निम्मं व्हिनेगर, निम्मं आगळ, मीठ नाही कारण आगळात असतंच. रंग असा आला की खिडकीत ठेवून बघत बसावं.

साडेबाराला काटा २०० च्या पुढे गेला, म्हणजे सेल्सियसमध्ये ९३-९४. त्याहून खात्रीची खूण हाडाची. खांद्यात एक चपटं हाड असतं, ते चिमट्यात धरून ओढलं आणि ते सुरीसारखं स्वच्छ, पांढरं, एकटंच बाहेर आलं. मांसाला धरून ठेवणारं जे सगळं असतं, ते इतक्या तासांत विरघळून जिलेटीन झालेलं असतं. तासभर झाकून ठेवलं, मग पाटावर घेऊन दोन सुऱ्यांनी तोडायला लागले. माझी लय काही एडनच्या माणसासारखी नाही. खट, खट… खट. चरबीचा, सालीचा, आतल्या गुलाबी मांसाचा भाग एकमेकांत मिसळला की वरून व्हिनेगर शिंपडायचं. गरम मांसावर ते पडतं तेव्हा वाफेबरोबर जो वास उठतो, त्यात म्हापशाचा ओटा, एडनचा ठोकळा आणि आमचं पावसाने भिजलेलं परस असं सगळंच असतं. मी घासभर तिथेच, उभ्याने, हाताने खाल्लं. एवढी चरबी, आणि तोंडात तेलकटपणाचा मागमूस नाही.

आजोबा दोनला आले, बरोबर हशपपीजची पिशवी. मक्याच्या पिठाची गोल भजी म्हणा, नवऱ्याचं जेवण त्यावर आणि कोशिंबिरीवर. आजोबांनी पहिल्या बाटलीचं मांस खाल्लं, मान हलवली. गुळाचं काही बोलले नाहीत. मग त्यांची नजर दुसऱ्या बाटलीवर गेली. त्यांनी ती उचलली, उजेडात धरली, हलवली. चेहरा गंभीर होत गेला.

"यात केचप आहे?"

एवढी वर्षं शेजारी राहून शेवटी ही लेक्सिंग्टनवाली निघाली, असा तो प्रश्न होता. मी घाईघाईने सांगितलं की हे फळ आहे, आमच्या गावचं, टोमॅटोशी काही संबंध नाही. त्यांनी चमच्यात थोडं ओतलं, चाटलं. मग मांसाच्या कडेला चार थेंब टाकून खाल्लं आणि सावकाश चावलं. मीही खाल्लं. खरं सांगायचं तर व्हिनेगरची धार त्याला नव्हती. व्हिनेगर नाकातून वर चढतं आणि चरबी कापून टाकतं, कोकम जिभेच्या कडांना मऊ बसून राहतं. या डुकराला ते बसणं नको होतं.

"चांगलं आहे," आजोबा म्हणाले, "पण हे माशाला घाल."

कोकणात पाय न ठेवलेला माणूस! मी उठून आत गेले आणि जाताना त्यांना देण्यासाठी एका रिकाम्या बरणीत ती दुसरी बाटली ओतली. ते रविवारी फ्लाउंडर मासा तळतात.

संध्याकाळी उरलेलं मांस घावण्यात गुंडाळून खात होते तेव्हा आईचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे पहाट, डोक्याला मफलर. मी घावण कॅमेऱ्यासमोर धरला. तिने चष्मा लावून नीट बघितलं.

"शिजला?"

"हो."

"शेवटाक किती शिट्यो झाल्यो?"